आजाऱ्याचे कर्म

श्रमाचा विचार करणाऱ्या बहुतेक धर्मपरंपरांनी आणि नीतिशास्त्रांनी आजारी माणसाला एक सवलत गृहीत धरलेली असते, आणि ती इतकी स्वाभाविक मानली जाते की तिच्या समर्थनासाठी कोणी फारसा युक्तिवाद करीत बसत नाही. आजाऱ्याने एकादशी मोडली तरी त्याला दोष लागत नाही, रमजानच्या रोज्यांतून आजाऱ्याला कुराणानेच मोकळीक दिलेली आहे, आणि एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली असा रोकडा हिशेब जिथे चालतो तिथेही तापाने फणफणलेल्या गड्याला कोणी आळशी म्हणत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सोशल सिस्टिम’ या ग्रंथात ही सवलत ‘रुग्णभूमिका’ या संकल्पनेत बांधली. त्यांच्या मांडणीप्रमाणे आजारी माणूस नेहमीच्या कर्तव्यांतून मोकळा होतो आणि आजारी पडल्याचा बोल त्याला लागत नाही. त्या बदल्यात बरे होण्याची इच्छा धरणे आणि जाणत्या वैद्याकडे जाऊन त्याचे ऐकणे ही दोन बंधने त्याच्यावर येतात. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, तरी तिच्यातली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ही सवलत उधारीची आहे. माणूस बरा होऊन कामावर परतेल या भरवशावर समाज ती देतो, आणि म्हणून ज्याचा आजारही संपत नाही आणि आयुष्यही संपत नाही, अशा माणसासाठी तिच्यात जागाच राहत नाही.

कर्करोगाच्या बाबतीत ही अडचण पूर्वी फारशी जाणवत नसे, कारण बहुतेक वेळा त्या सवलतीची मुदत मृत्यूच ठरवीत असे. ती जाणवू लागली याचे कारण औषधे सुधारली, आणि या बदलाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होत राहण्याचा, सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले; १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले गेल्यामुळे ते आखूड दिसते; आणि पुढे असे उलगडले की या चुकीच्या जोडातून जे प्रथिन तयार होते ते पेशींना अखंड वाढण्याचा हुकूम देत राहते. नेमके तेच प्रथिन निकामी करणारे इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मे २००१ मध्ये मान्य झाले. त्याआधी निदानानंतर बहुतेकांच्या वाट्याला चार-पाच वर्षे येत, आणि जुळणारा दाता मिळून अस्थिमज्जा-प्रत्यारोपण पार पडेल असे भाग्य थोड्यांचेच असे. इमॅटिनिबच्या मुख्य चाचणीत मात्र दहा वर्षांनंतरही ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात होते. रोज ४०० मिलिग्रॅमची मात्रा, जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासह : उपचार म्हणावा तो एवढाच, आणि तो घरच्या घरी.

पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने साठीच्या आसपास, निवृत्तीच्या उंबरठ्यावर गाठतो. भारतात मात्र तो पस्तिशी-चाळिशीत, म्हणजे मुले शाळेत असतानाच्या आणि घराचा हप्ता चालू असतानाच्या वयात होताना दिसतो. त्यामुळे हे औषध काम करू लागले म्हणजे रुग्ण काम करू लागला, असाच त्याचा अर्थ इथल्या घरांत घेतला जातो, आणि तो चुकीचा आहे असेही म्हणता येत नाही. परंतु गोळी घेणारे शरीर पूर्वीचे शरीर नसते. डोळ्यांभोवती सकाळी सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते आणि एक असा थकवा राहतो की जो झोपेने जात नाही आणि बाहेरून दिसतही नाही. आठ तास उभे राहून यंत्र चालवणाऱ्या किंवा रात्रपाळीत गाडी हाकणाऱ्या माणसाला या तक्रारी मारक नसल्या तरी रोजच्या आहेत, आणि सहकाऱ्यांच्या लेखी तो ‘बरा झालेला’ असल्यामुळे त्या बोलून दाखवण्याची सोय उरलेली नसते. रुग्णालयात भरती झालेल्याला सगळे समजून घेतात. हजेरीपटावर नाव असलेल्या आजाऱ्याला समजून घेण्याची रीत मात्र अजून पडलेली नाही.

याला पैशाची बाजू आहे आणि ती तत्त्वचर्चेपासून वेगळी काढता येत नाही. इमॅटिनिबच्या भारतीय पेटंटासाठी नोव्हार्टिस कंपनीने १९९८ साली चेन्नईत अर्ज केला. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला विरोध केला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी तो दावा अखेर फेटाळला, कारण ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला त्याची परिणामकारकता वाढल्याखेरीज पेटंट देऊ नये असे भारतीय कायद्याचे कलम ३(ड) सांगते. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे १ लाख २० हजार रुपये होता आणि भारतीय उत्पादकांच्या औषधाचा आठ-दहा हजार. कंपनी हजारो भारतीय रुग्णांना हे औषध विनामूल्य देत होती हेही खरे, आणि तिने आपल्या बाजूने ते वारंवार सांगितले. परंतु दानावर चालणारे आयुष्य आणि स्वतःच्या मिळकतीतून विकत घेतलेले आयुष्य यांत जो फरक आहे, तो दानशूरतेच्या मापाने मोजता येत नाही. निकालामुळे औषध मध्यमवर्गीय पगाराच्या आवाक्यात आले, आणि त्याबरोबर एक नवेच वर्तुळ पुरे झाले : जगण्यासाठी गोळी, गोळीसाठी पगार, पगारासाठी काम, आणि कामासाठी पुन्हा गोळी. आजारी माणसाला कामातून सूट देणारी जुनी नीती इथे उलटी होते, कारण या माणसाला काम सोडणे परवडत नाही ते आजारी असल्यामुळेच.

अशा माणसाचे समाज कौतुक करतो आणि ते कौतुक मराठी मनाच्या एका खोल संस्काराला धरून असते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चा गाभाच असा की ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये, लोकसंग्रहासाठी म्हणजे समाजाची घडी नीट राहावी म्हणून ते करीतच राहावे. स्वतः टिळक मधुमेहाने त्रस्त असताना हा ग्रंथ लिहीत होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात आदराने सांगितली जाते. अरण गावचा सावता माळी पंढरीला न जाता मळ्यातच विठ्ठल पाहत राहिला ही परंपरेची आठवण, गोरोबाचे मडके आणि चोखोबाचे कष्ट, यांनी काम हेच पूजन असा जो भाव रुजवला, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि हा संस्कार आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसतो तेव्हा त्याचा सूर बदलतो. ‘केमो घेत घेत ऑफिसला जाते, एक दिवस रजा नाही’ असे एकीचे कौतुक होते तेव्हा शेजारच्या खाटेवर पडून राहिलेली दुसरी, जिला उठवत नाही, ती न बोलता गुन्हेगार ठरते. कर्मयोगाचे तत्त्वज्ञान अशा वेळी संन्यासाच्या विरुद्धचा युक्तिवाद राहत नाही; त्याचा वापर थकव्याच्या विरुद्ध होऊ लागतो, आणि टिळकांच्या ग्रंथात त्याला आधार सापडत नाही. टिळकांचा प्रतिपक्षी कर्म टाळण्यातच मोक्ष मानणारा होता. शरीर साथ देत नाही म्हणून थांबलेल्या माणसाशी त्यांचा वाद नव्हता.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील एका विचाराकडे या संदर्भात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. कर्माशिवाय शरीरयात्रा, म्हणजे देहाचा नुसता निर्वाहसुद्धा, सिद्ध होत नाही असे तिथे सांगितले आहे, आणि सामान्यतः हे विधान कर्म अटळ आहे याच्या पुष्ट्यर्थ वापरले जाते. त्याची दुसरी बाजू अशी निघते की देह चालता ठेवणे हेही कर्मच आहे, आणि मग आजारी माणूस निष्क्रिय असतो हे गृहीतच कोसळते. ज्युलिएट कॉर्बिन आणि अॅन्सेल्म स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात दीर्घ आजाराचा अभ्यास करताना हेच वेगळ्या वाटेने मांडले. आजाराचे काम, रोजच्या जगण्याचे काम आणि आपण आता कोण आहोत हे पुन्हा जुळवण्याचे काम, अशी तीन कामे रुग्ण एकाच वेळी करीत असतो असे त्यांचे निरीक्षण आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कोणत्याही सकाळी हे काम उघड्यावर दिसते : बगलेत फाईल, रक्त देण्याची रांग, रिपोर्टची वाट, डॉक्टरांसमोरची मोजकी मिनिटे, औषधाची रांग, आणि मग बाहेरगावची गाडी. ज्याची रक्ततपासणी दर तीन महिन्यांनी ठरलेली आहे तो माणूस या दिवसाला ‘सुट्टी’ म्हणून अर्ज करतो, आणि कार्यालयाच्या दप्तरी तो विश्रांतीचा दिवस म्हणून नोंदला जातो. वास्तविक त्या दिवशी त्याने दोन पाळ्या केलेल्या असतात.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीतेवरील प्रवचनांत कर्म, विकर्म आणि अकर्म यांची जी मांडणी केली, ती इथे उपयोगी पडते. विकर्म म्हणजे बाहेरच्या कर्माला लागणारी आतली जोड, मनाचे लक्ष आणि जिव्हाळा. ती जोड मिळाली की कर्माचे ओझे हलके होते आणि त्याचे अकर्म होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रुग्णाच्या कामाचे परीक्षण या कसोटीवर केले तर प्रश्न ‘तो कामावर जातो की नाही’ असा उरत नाही. त्या कामात त्याचे मन आहे की केवळ औषधाच्या बिलाचा धाक आहे, हा प्रश्न उरतो. अनेक रुग्ण कामावर परतण्यासाठी खरोखरच आसुसलेले असतात, कारण कार्यालयात, वर्गात किंवा दुकानात ते काही तासांपुरते रुग्ण नसतात. त्यांच्या बाबतीत काम हेच आजाराने विस्कटलेले मीपण पुन्हा सावरते. अशा रुग्णाला ‘आता विश्रांती घ्या’ असे म्हणून घरी बसवणे हाही एक अन्यायच आहे, आणि प्रेमळ कुटुंबे तो सर्रास करतात. धाकाने केलेले काम आणि ओढीने केलेले काम बाहेरून सारखेच दिसते, आणि म्हणून कामावर हजर असलेल्या रुग्णाकडे पाहून औषधाचे यश मोजणारा आकडा या ठिकाणी आंधळा ठरतो.

वैद्यकाने काम करणारा हात वाचवला ही गोष्ट स्तनाच्या कर्करोगात मात्र शब्दशः खरी आहे आणि तिचा इतिहास श्रमाचाही इतिहास आहे. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व लसिकाग्रंथी काढून टाकीत. जीव वाचला तरी त्या बाजूचा हात सुजून जड होई आणि खांद्याच्या वर जात नसे. आजार शरीरात सुरुवातीलाच दूरवर पसरू शकतो आणि अधिक कापल्याने अधिक जगता येत नाही, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चाचण्यांनी सिद्ध केल्यावर शस्त्रक्रिया आटोपशीर होत गेली, आणि १९९० च्या दशकापासून काखेतील केवळ पहिल्या, म्हणजे पहारेकरी ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत आली, ज्यामुळे त्या निर्दोष निघाल्यास बाकीच्या ग्रंथींना हात लावावा लागत नाही. कार्यालयात टंकलेखन करणाऱ्या स्त्रीला या सुधारणेचा जो लाभ होतो, त्याहून कितीतरी मोठा लाभ खुरपणी करणाऱ्या, हंडा उचलणाऱ्या, परातीत पीठ मळून भाकऱ्या थापणाऱ्या स्त्रीला होतो. आणि ही पद्धत ज्या रुग्णालयांत नीट उपलब्ध असते तिथे पोचणे तिलाच सर्वांत अवघड असते. हात सुजलेल्या बाईला डॉक्टर सांगतात की जड उचलू नका, काटा टोचू देऊ नका, चुलीचा चटका लागू देऊ नका. ज्या बाईचे सगळे काम याच तीन गोष्टींचे बनलेले आहे तिच्यासाठी हा सल्ला म्हणजे काम सोडा असाच होतो, फक्त तो तशा शब्दांत दिला जात नाही.

नवी औषधेही हाताला वेगळ्या तऱ्हेने स्पर्श करतात. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाने बोटांची टोके बधिर होतात, सुईत दोरा ओवता येत नाही, शर्टाचे बटण लागत नाही. शिवणकाम करणाऱ्याची उपजीविका तिथेच थांबते, तर बँकेत काम करणाऱ्याला त्याचा फारसा अडथळा होत नाही. तोंडाने घ्यायच्या कॅपेसिटाबिन या औषधाने तळहात लाल होऊन सोलवटतात आणि काही रुग्णांच्या बोटांवरील रेषाच पुसट होतात. २००९ साली ‘अॅनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात सिंगापूरच्या एका रुग्णाची हकीकत छापून आली होती, ज्याला अमेरिकेच्या विमानतळावर बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून अधिकाऱ्यांनी काही तास अडकवून ठेवले. जिथे कारखान्याची हजेरी अंगठ्याने लागते आणि रेशनही अंगठा उमटल्यावरच मिळते, तिथे ही वैद्यकीय कुतूहलाची गोष्ट राहत नाही. रोगी कामावर हजर असतो आणि यंत्र त्याला गैरहजर ठरवते.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा एक पूर्वानुभव आहे. सल्फोन गटातील औषधे १९४० च्या दशकात आल्यावर कुष्ठरोग आटोक्यात येऊ लागला, पण बऱ्या झालेल्या माणसाला गाव काम देईना; बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, ते नेमके या फटीत. झडलेल्या बोटांनी शेती, विणकाम, बांधकाम करणाऱ्या तिथल्या माणसांनी दाखवून दिले की औषध जंतू मारते, माणूस म्हणून उभे राहण्याचे बळ कामातून येते. ही प्रेरणा इतकी प्रभावी ठरली की पुढे तीच सर्व आजारांना लावण्याचा मोह होतो, आणि इथे विवेक करावा लागतो. कुष्ठरोग्याला समाजाने कामातून हाकलले होते, म्हणून काम मागणे हा त्याचा विद्रोह होता. कर्करोग्याला आजचा समाज कामाकडे हाकतो आहे, आणि त्याच्या बाबतीत कधी कधी थांबू मागणे हाच विद्रोह असतो. दोघांची मागणी खोलवर पाहता एकच आहे, ती अशी की काम करावे की नाही हे ठरवण्यात आपल्या शरीराचा शब्द चालावा. गाडगेबाबांचे उदाहरण याला छेद देणारे वाटेल. गावात आल्यावर आधी झाडलोट आणि मग भाकरी, हा त्यांचा स्वतःपुरता नेम होता, आणि त्यात कधी ढिलाई झाली नाही. पण त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयातील उपचारांसाठी गावोगावहून आलेल्या रुग्णांना व त्यांच्या माणसांना आसरा मिळतो, तो कोणी आधी झाडून दाखवले म्हणून मिळत नाही. जो नियम संत स्वतःला लावतो तो आजाऱ्याला लावत नाही, हा भेद परंपरेने कृतीत जपला आहे, जरी शब्दांत तो क्वचितच सांगितला गेला.

कायद्याने तो जपला आहे का, हे पाहिले तर चित्र अर्धवट निघते. कर्मचारी राज्य विमा योजनेत साध्या आजारासाठी वर्षाला ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के आणि कर्करोगासारख्या दीर्घ आजारासाठी कमाल दोन वर्षे ८० टक्के भत्ता मिळतो, परंतु तो विमाधारक कामगाराला. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयाचे बिल भरते, खाड्याचे पैसे भरत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, सततच्या अनारोग्यामुळे कामगाराला कमी केले तर ती ‘छाटणी’ धरली जात नसे, आणि म्हणून छाटणीची भरपाईही लागू होत नसे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. तीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार आहेत, रक्ताचा कर्करोग नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्याने निदानाच्या दिवसापासून कर्करोग्याला दिव्यांगाचे संरक्षण दिले, ज्यामुळे कामाचे तास, जागा, स्वरूप यांत वाजवी बदल करून देणे मालकावर बंधनकारक होते. लोकसंग्रह या संकल्पनेचा आधुनिक अर्थ लावायचा तर तो इथे लावला पाहिजे. समाजाची घडी राखण्याचे कर्म आजाऱ्याच्या वाट्याला जितके येते त्याहून अधिक ते हलके काम, लवचीक पाळी आणि न विचारता मिळणारी रजा देऊ शकणाऱ्याच्या वाट्याला येते, कारण सामर्थ्य त्याच्याकडे आहे आणि अधिकारभेदाचा सिद्धान्त, म्हणजे ज्याची जशी पात्रता आणि ताकद तसे त्याचे कर्तव्य हा विचार, परंपरेलाही मान्य आहे.

दरम्यान वैद्यक आणखी पुढे गेले आहे. फ्रान्समधील एका चाचणीने २०१० साली दाखवून दिले की इमॅटिनिबने ज्यांच्या रक्तातील रोगाची खूण दोन वर्षांहून अधिक काळ सापडेनाशी झाली होती, अशांनी गोळी थांबवल्यावर काहींचा आजार परत येतो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि काहींचा येत नाही. ज्यांचा परत येतो त्यांना गोळी पुन्हा सुरू करून बहुतेक वेळा तो आवरता येतो. आता योग्य निवडलेल्या रुग्णांत हा प्रयोग रीतसर केला जातो. गोळी थांबवलेला माणूस औषध घेत नाही, त्याच्या रक्तात काही सापडत नाही, तो पूर्ण वेळ काम करतो, आणि तरी पहिल्या वर्षी जवळजवळ दर महिन्याला त्याला तपासणीसाठी अर्धा दिवस मागावा लागतो. नव्या नोकरीसाठी त्याच्यापुढे आरोग्याचा अर्ज येतो तेव्हा ‘सध्या काही आजार आहे का’ या प्रश्नापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच चौकोन असतात, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांकडेही ‘तंदुरुस्त’ किंवा ‘अपात्र’ याहून तिसरा शेरा नसतो.